गाठीचा टाका: तान्ह्या पोळ्याच्या झुलीवर फ्रेंच गाठ घालू की कलोनियल?

सुईदोरा (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी,

भाच्याचा यंदा पहिला तान्हा पोळा. तीन वर्षांचा झालाय, आणि बाबांनी त्याच्यासाठी चाकांचा, वीतभर उंच लाकडी नंदी आणून ठेवलाय. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा (खाऊ-पैसे) देतात. नागपुरात त्याच दिवशी मारबतींची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक निघते, त्यामुळे घरात दिवसभर कुणाचा पाय ठरत नाही.

बाजारात चमकीच्या तयार झुली मिळतात. मला मात्र हाताने भरलेली झूल घालायची आहे. हिरवं पॉपलिन घेतलं, १४ बाय १० सेमी. चार कोपऱ्यांत रुपयाएवढी संत्री, मधे कापसाचं बोंड, दोन्ही लांब कडांना ज्वारीची कणसं. तिन्ही गोष्टी दाणेदार, म्हणून सगळं गाठीच्या टाक्याने भरायचं ठरवलं. शाळेत शिवणाच्या तासाला हा टाका, म्हणजे फ्रेंच गाठ, शिकले होते, पण तेव्हा फुलाच्या मधोमध पाच गाठी घातल्या की काम संपायचं. इथे एका संत्र्यालाच शंभराच्या आसपास लागताहेत.

पहिलं संत्रं तीन रात्री बसून केलं. अडचणी अशा:

काही गाठी सरळ कापडाच्या मागे निघून जातात. काहींच्या शेजारी दोऱ्याचा छोटा फास उभा राहतो. एक गाठ मोहरीएवढी, दुसरी राजगिऱ्याएवढी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाच्याने कडेच्या एका गाठीत नख घालून ओढलं, तर तिचे वेढे सुटून दोरा बाहेर आला. झूल त्याच्याच हातात राहणार आहे, त्यामुळे हे चालणार नाही.

कलोनियल गाठ जास्त पक्की बसते असं कळलंय. कुणी केली आहे का? पोळ्याला पाच आठवडे आहेत. फोटो जोडलाय.

---

तर्रीपोहा (रविवार, रात्री १०:१५)

कल्पना फार आवडली. ज्वारीच्या कणसाला तर हाच टाका हवा. मला भरतकामातलं कळत नाही, पण झूल पूर्ण झाली की फोटो नक्की टाका.

---

चौकट (सोमवार, सकाळी ११:०५)

सुईदोरा ताई, फोटो मोठा करून पाहिला. मी धरमपेठेत घरीच भरतकामाचे वर्ग घेते आणि दर वर्गात हे चारही प्रश्न येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गाठ मागे जाते त्याचं कारण म्हणजे सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकातून तुम्ही ती खाली घालताय. गाठीला बसायला कापडाचा एखादा तरी धागा मधे हवा. पहिल्या भोकाला अगदी लागून, पण एक-दोन धागे सोडून सुई खाली जाऊ द्या. जास्त अंतर सोडलं तर गाठीऐवजी आडवी पडलेली अळी दिसेल. दुसरं म्हणजे तुमची सुई जाड दिसतेय. दोन पदरी (लडीतले दोन बारीक धागे एकत्र घेतलेल्या) दोऱ्याला एवढी सुई घेतली की भोकच गाठीहून मोठं होतं.

फास उभा राहतो तो डाव्या हातामुळे. सुई खाली ओढताना आपण डाव्या हातातला दोरा लवकर सोडतो, तिथेच सगळं बिघडतं. वेढे घातल्यावर डाव्या हाताने दोरा हलका ताणा, वेढे सुईवरून सरकवत कापडाला टेकवा आणि सुई खाली जात असताना तो ताण शेवटच्या बोटभर दोऱ्यापर्यंत ठेवा. माझ्या वर्गातल्या मुलींना मी पहिले दोन दिवस उजव्या हाताबद्दल काही सांगतच नाही, फक्त डाव्या हाताकडे बघायला लावते. हे दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय जमत नाही, म्हणून रिंग टेबलाच्या कडेला टेकवा आणि वरून जाड पुस्तकाचं वजन ठेवा.

लहान-मोठ्या गाठींचा दोष बहुतेक सुईच्या नेढ्याचा असतो. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं दांड्यापेक्षा रुंद असतं. वेढे तिथे अडकतात, आपण जोर लावतो आणि गाठ आवळली जाते. मिलिनर सुई मिळाली तर घ्या. ती लांब असते आणि नेढ्यापाशीही दांड्याइतकीच बारीक असते, त्यामुळे वेढे सरकन उतरतात. आणि गाठ मोठी हवी असेल तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. दोन वेढ्यांच्या पुढे गेलात की गाठ सैल पडते आणि एका अंगाला कलते. एका पदराची एक वेढ्याची गाठ खसखशीएवढी होते, तीन पदरांची दोन वेढ्यांची मोहरीच्या पुढे जाते. एवढ्यात तुमचं सगळं काम होतं.

आता कलोनियल. फ्रेंच गाठीत दोरा सुईभोवती एकाच दिशेने गुंडाळलेला असतो, म्हणून नख लागलं की स्प्रिंगसारखा उलगडतो. कलोनियलमध्ये दोरा एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने जातो, आठच्या आकड्यासारखा. दोन्ही फेरे एकमेकांना अडवून धरतात. गाठ थोडी उंच, गोल बसते आणि तिच्या डोक्यावर बारीकशी खळी दिसते. मुलांच्या वस्तूला मी हीच घालायला सांगते.

कृती: सुई वर काढा. दोरा डाव्या अंगठा-तर्जनीत कापडापासून दोन इंचांवर धरा. सुईचं टोक दोऱ्याखालून घाला, म्हणजे दोरा सुईवरून गेलेला दिसेल. आता डावा हात फिरवून हातातला दोरा सुईच्या टोकावरून पलीकडे न्या आणि खालून परत घ्या. सुईवर आठ तयार झाला. आता सुईचं टोक पहिल्या भोकाशेजारी कापडात थोडं रोवा, दोरा ताणून आठ खाली टेकवा आणि सुई हळू खाली काढा.

एक गोष्ट वर्गात दर वेळी सांगावी लागते. आठ म्हणजे इंग्रजी आठ, एकावर एक दोन गोळे असलेला. आपला ८ डोळ्यासमोर आणलात तर हात अडकतो.

---

सुईदोरा (सोमवार, दुपारी १:३०)

चौकट ताई, खूप खूप आभार. इतकं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत "दोन वेढे घाला आणि सुई खाली घाला" एवढंच सांगितलं होतं आणि मी पंचवीस वर्षं त्याच भोकात सुई घालत आले. आज रात्री चिंधीवर करून बघते.

---

डावखुरी (सोमवार, दुपारी ३:१०)

मी वर्ध्याची. डाव्या हाताने भरते. माझ्या फ्रेंच गाठी नेहमी पिंजल्यासारख्या दिसतात, दोऱ्याचे पदर वेगळे होतात. आईच्या हातच्या गुळगुळीत येतात. दोरा तोच, सुई तीच. माझ्या हाताचाच दोष असं इतकी वर्षं समजत आले.

---

चौकट (सोमवार, दुपारी ४:००)

डावखुरी ताई, दोष हाताचा अजिबात नाही. दोऱ्याला पीळ असतो. एका दिशेने वेढे घातले तर पीळ आवळतो, उलट दिशेने घातले तर उकलतो. डाव्या हाताने सहज घातलेला वेढा उजव्या हाताच्या उलट पडतो, त्यामुळे तुमचे पदर सुटतात. चिंधीवर दहा गाठी एका दिशेने आणि दहा दुसऱ्या दिशेने घालून पाहा, लगेच कळेल. शिवाय दर चार-पाच गाठींनंतर सुई सोडून लोंबकळू द्या, दोरा आपला पीळ आपण सावरतो.

कलोनियलची कृती तुम्ही आरशात बघितल्यासारखी उलट करा. वेढे दोन्ही दिशांनी जात असल्यामुळे त्यात पिंजण्याचा त्रासही कमी होतो.

---

डावखुरी (सोमवार, रात्री ९:२०)

ताई, करून पाहिलं. उलट दिशेने घातलेल्या दहाही गाठी आईच्या गाठींसारख्या आल्या. मी आईला फोन करून सांगितलं. तिला इतका आनंद झाला की ती म्हणाली, उद्याच ये आणि मला दाखव.

---

महालची_मावशी (मंगळवार, सकाळी १०:४०)

पोरी, तुमची ही चर्चा माझ्या सुनेनं वाचून दाखवली. मले टाइप करता येते थोडं थोडं, सांभाळून घ्या.

माझी आई उशीचे अभ्रे भरायची. पांढऱ्यावर पांढरं. द्राक्षाचा घड, अन् त्याचा एक एक मणी म्हणजे एक एक गाठ. कापड कोणतं, तर मांजरपाट. तवा आमच्या घरी नागपूरच्या एम्प्रेस मिलचं कापड यायचं, आमचे काका तिथं साच्यावर (मागावर) होते. आई त्या मांजरपाटाले पाणी लागू द्यायची नाही. कोरं, खळीचं कापड, तसंच रिंगीत घालायचं अन् भरायचं. सगळं भरून झालं का मग मोठ्या पातेल्यात ऊन पाणी घालून अभ्रा रात्रभर त्यात बुडवून ठेवायची. सकाळी काढला का कापड आकसलेलं, अन् गाठी अशा घट्ट बसलेल्या का नखानं काढतो म्हटलं तरी निघत नव्हत्या. त्यातला एक अभ्रा माझ्याजवळ अजून आहे. चाळीस वर्षं तरी धुतला असन. कापड विरलं, गाठी तशाच.

तू पॉपलिनवर कायले करून राहिली? ते तर आधीच धुवून आकसून आलेलं असते. मांजरपाट घे.

---

चौकट (मंगळवार, दुपारी १२:१५)

मावशी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तुमच्या आईंनी जे केलं, अगदी त्याच रीतीचं काम अमेरिकेत होतं. तिकडे त्याला कॅन्डलविकिंग म्हणतात, मेणबत्तीच्या वातीच्या सुती दोऱ्यावरून. न धुतलेल्या, न उजळवलेल्या मांजरपाटासारख्या कापडावर पांढऱ्या जाड सुताने कलोनियल गाठींची नक्षी भरायची आणि शेवटी धुवायचं, म्हणजे कापड आकसून गाठींना धरून ठेवतं. म्हणूनच कलोनियल गाठीला कॅन्डलविक गाठ असंही नाव आहे. तुमच्या आईंनी हे स्वतःच्या हातांनी शोधलं की शेजारणीकडून घेतलं, ते कळलं तर नक्की लिहा.

नावावरून आणखी एक. ज्याला सगळं जग फ्रेंच गाठ म्हणतं, त्याला खुद्द फ्रान्समध्ये 'प्वँ द नो' म्हणतात. अर्थ सरळ: गाठीचा टाका. म्हणजे आपल्या आज्यांचं नाव आणि त्यांचं नाव शब्दाला शब्द एकच.

---

धारवाडची_सून (मंगळवार, दुपारी २:५०)

माझं माहेर धारवाडचं, लग्न होऊन नागपुरात आले. आमच्या कसुतीत (कर्नाटकातल्या भरतकामात) गाठ पूर्ण वर्ज्य. सुरुवातीलाही नाही, शेवटीही नाही. गवंती टाका तर उलट-सुलट सारखाच दिसला पाहिजे, मग गाठ लपवणार कुठे? आजीने मला कितीदा उसवायला लावलंय. त्यामुळे गाठ हीच नक्षी असलेलं काम पाहिलं की मला अजूनही नवल वाटतं. पारशी गाऱ्यावरचा (भरतकामाच्या साडीवरचा) खाखो टाका जवळून पाहिलाय का कुणी? बारीक बारीक गाठींनी पूर्ण पक्षी भरलेला असतो. चिनी भरतकामातून आलेलं काम आहे ते.

ताई, झुलीची मागची बाजू भाच्याच्या नंदीला दिसणार नाही, पण अस्तर लावाच. गाठीच्या मागे दोरे फार राहतात, चाकात अडकतील.

---

गांधीबाग (मंगळवार, रात्री ८:३०)

आमचं कापडाचं दुकान आहे, म्हणून दोन शब्द. मावशी म्हणतात तो कोरा मांजरपाट आजही मिळतो, पण दुकानात नुसतं "मांजरपाट द्या" म्हटलं तर बऱ्याचदा उजळवलेला, पांढराशुभ्र काढून देतात. "कोरा, न धुतलेला" असं सांगा. रंग दुधावरच्या सायीसारखा असतो आणि मधे मधे सरकीचे बारीक काळे ठिपके दिसतात. बोटांनी चोळलं की खळीची पूड हाताला लागते. हीच ओळख.

ताई हिरवं पॉपलिनच ठेवायचं असेल तर एक सुचवतो. त्याच्या खाली कोऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावून दोन्ही कापडांतून एकत्र भरलं तर? अस्तर आकसेल आणि गाठी धरेल.

---

चौकट (मंगळवार, रात्री ९:०५)

दादा, कल्पना समजली, पण ती करू नका. वरचं कापड आकसणार नाही आणि खालचं आकसेल. धुतल्यावर झूल वाळलेल्या पापडासारखी वर उचलली जाईल. दोन थर घ्यायचे तर दोन्ही धुतलेले किंवा दोन्ही कोरे. आणि पूर्ण कोऱ्यावर करायचं तर मावशींची रीत तशीच्या तशी चालणार नाही, कारण त्यांच्या आईंचं काम पांढऱ्यावर पांढरं होतं. इथे केशरी, हिरवे, तपकिरी रंग आहेत. पाणी गरम नको, साधं किंवा कोमट घ्या. कोरा मांजरपाट त्यातही आकसतो, फक्त जास्त वेळ बुडवून ठेवा. त्याआधी प्रत्येक लडीचा वीतभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ती लडी वापरायची नाही. चमकणारं स्वस्त रेशीम हमखास रंग सोडतं. सुती लडी घ्या, अँकर किंवा डीएमसी, सहा पदरी, आठ मीटरची.

---

महालची_मावशी (मंगळवार, रात्री ९:४०)

हो, रंगाचं बरोबर आहे पोरी. आई रंगीत काम वेगळं करायची, ते मी विसरली होती. अन् झूल सेमीभर मोठी काप, आकसून लहान होते.

---

सुईदोरा (बुधवार, रात्री १०:३०)

निर्णय घेतला. पॉपलिन बाजूला ठेवलं. आज ऑफिसमधून येताना गांधीबागेतून कोरा मांजरपाट आणला. सरकीचे ठिपके पाहून घेतले, हाताला खळ लागली. कापसाचं बोंड आपल्याच कापसाच्या कोऱ्या कापडावर येणार, हे मला हिरव्या रंगापेक्षा जास्त पटलं. एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली ती आपल्या भागातल्या कापसामुळेच ना. माझे आजोबाही गिरणीतच होते, म्हणून मावशींची पोस्ट वाचताना डोळे भरून आले.

हिरवा रंग आता काठाच्या पट्टीला, आणि ती पट्टी धुणं झाल्यावरच लावणार.

कलोनियल गाठीचा हात पन्नासाव्या गाठीनंतर बसला. तोवर आठ चुकून फ्रेंचच होत होती. एक प्रश्न: पांढरं बोंड सायीच्या रंगावर उठेल का?

---

चौकट (गुरुवार, सकाळी ११:२०)

उठेल, कारण उंची आहे. पांढऱ्यावर पांढऱ्या कामात सगळा खेळ सावलीचा असतो. बोंडाच्या चार पाकळ्या वेगळ्या समजा. प्रत्येक पाकळीच्या मधे चार पदरांच्या कलोनियल गाठी दाटीने घाला, कडेला येताना तीन आणि दोन पदरांवर या. दोन पाकळ्यांच्या मधे एक बारीक रेघ रिकामी सोडा. तिथे सावली पडते आणि बोंड उकललेलं दिसतं. खालच्या वाळलेल्या कवचाला तपकिरी देठटाका द्या.

संत्र्याला मी सगळीकडे कलोनियल घालायला सांगणार नाही. बाहेरची कड दोन पदरांच्या कलोनियलने बंद करा, तेवढ्याच गाठींना नख लागतं. आतलं पोट फ्रेंच गाठींनी भरा. दाटीत बसलेल्या गाठी एकमेकींना धरतात, आणि फ्रेंच गाठ जरा चपटी असल्यामुळे संत्र्याची साल जास्त खरी दिसते. कलोनियल सगळीकडे घातली तर ते संत्रं न वाटता तुती वाटेल.

ज्वारीचं कणीस मात्र पूर्ण कलोनियल. खाली तीन पदर, टोकाकडे दोन, अगदी शेवटी एक. दाणे रांगेत मांडू नका.

भरण्याचा क्रम: आधी पानं, देठ, कवच. गाठी सगळ्यात शेवटी. नाहीतर प्रत्येक टाक्याला दोरा गाठींत अडकतो. भरलेल्या गाठींवर रिंग आवळू नका, चपट्या झालेल्या गाठी पुन्हा उठत नाहीत. झूल लहान आहे, म्हणून कापड आत्ता मोठंच ठेवा, पूर्ण झूल एका रिंगेत मावेल असं, आणि कापा शेवटी.

---

डावखुरी (गुरुवार, दुपारी १:००)

संत्र्याच्या रंगाबद्दल सांगू का? आमची बाग आहे. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या देठाजवळ हिरवट झाक राहते, पूर्ण केशरी क्वचितच होतं. देठाभोवती चार-पाच गाठी पोपटी घाला, मग दोन गाठी पोपटी आणि पिवळा असे एकेक पदर मिळून घाला, आणि मग केशरी सुरू करा. साल ढिली असते म्हणून देठापाशी खळगा पडतो. तिथे एका वेढ्याच्या गाठी घातल्या की खळगा आपोआप दिसतो.

---

सुईदोरा (गुरुवार, रात्री ११:१०)

डावखुरी ताई, वेगवेगळ्या रंगांचे एकेक पदर एकाच सुईत घेण्याची युक्ती लगेच केली. गाठ ठिपकेदार येते, अगदी सालीसारखी. किती सुंदर दिसतंय ते!

---

सुईदोरा (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:००)

आज एक घोटाळा झाला, इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. नक्षी मी इस्त्रीने पुसलं जाणारं पेन वापरून काढली होती. दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं, कापड डब्यात घालून गाडीच्या डिक्कीत ठेवलं आणि मैत्रिणीकडे गेले. घरी येऊन पाहते तर कणसांची पूर्ण नक्षी गायब. संत्री भरून झाली होती म्हणून वाचली.

---

गांधीबाग (रविवार, संध्याकाळी ७:३५)

ताई, घाबरू नका. ती शाई साठ अंशांच्या आसपास रंग सोडते, डिक्कीत तेवढं तापमान सहज होतं. कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गार झाल्यावर ती रेघ परत दिसते. दिसल्या दिसल्या पिवळ्या कार्बनने किंवा पेन्सिलने गिरवून घ्या.

आणि याचाच दुसरा अर्थ असा की झूल धुण्याआधी इस्त्री करून रेघा "गेल्या" असं समजू नका, त्या फक्त दिसेनाशा होतात. पुढच्या वेळी खाका (नक्षीचा कागद) टोचून छापा मारून घ्या. महालात, इतवारीत मारून देणारे आहेत अजून.

---

सुईदोरा (सोमवार, सकाळी ७:१५)

परत आली! रेघा थोड्या फिक्या आहेत, पण एकूण एक दाणा दिसतोय. दादा, तुमचे उपकार आहेत. पेन्सिलने गिरवलं आणि मगच चहा घेतला.

---

सुईदोरा (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००)

झूल झाली. चार फोटो टाकतेय: पूर्ण, बोंड जवळून, कणसाचं टोक, आणि मागची बाजू.

मोजदाद सांगते, कारण सुरुवातीला मला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. एका संत्र्याला ९० ते १०५ गाठी, बोंडाला १३०, प्रत्येक कणसाला ८० च्या आसपास. दोरा एका वेळी हातभरच घेतला, लांब घेतला की शेवटी पिंजतो. एका बैठकीत चाळीस गाठींपुढे गेले की आकार बिघडायला लागायचे, म्हणून तिथे थांबायचे. कूलरसमोर बसून भरू नये, वाऱ्याने वेढा घालताना दोरा हलतो, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पावसाळी दमटपणात हाताला घाम येतो, त्यासाठी बोटांना टाल्कम लावलं.

काल रात्री कोमट पाण्यात बुडवून ठेवली. रंग कुठलाच गेला नाही. सकाळी पाणी पिवळसर झालं होतं, ते खळीचं. सावलीत वाळवली, मग जाड टॉवेलवर पालथी ठेवून मागून इस्त्री केली. पंधरा सेमीची नेमकी चौदा झाली. गाठी बोटाने चाचपून पाहिल्या. मावशी, तुम्ही म्हणालात तशाच आहेत, कापडातून उगवल्यासारख्या.

नंतर भाच्याच्या हातात दिली. त्याने आधी बोंडावरून तळहात फिरवला, मग नखाने एक दाणा खरवडला, पुन्हा खरवडला, आणि मला म्हणाला, "निघत नाही." मग बैलाच्या पाठीवर झूल टाकून तो त्याला घरभर फिरवत राहिला.

हिरवी पट्टी आणि अस्तर उद्या लावते.

---

डावखुरी (शनिवार, रात्री ९:२५)

देठाजवळच्या पोपटी गाठी! आईला दाखवल्या. ती म्हणते, हे आपल्या बागेतलंच संत्रं आहे.

---

चौकट (शनिवार, रात्री ९:५०)

कणसाचं टोक फार सुरेख उतरलंय. एकपदरी गाठी इतक्या सारख्या येणं सोपं नाही. उजवीकडच्या वरच्या संत्र्यात दोन गाठींमधे कापड दिसतंय, तिथे एक वेढ्याची एक गाठ घाला, अस्तर लावण्याआधीच. ती गाठ मागे घट्ट टाचून घ्या, कारण कापड आता आणखी आकसणार नाही.

---

महालची_मावशी (रविवार, सकाळी ८:३०)

पाहिलं पोरी. सुनेनं मोबाइलवर मोठं करून दाखवलं. माझ्या आईच्या हातची गाठ अशीच होती.

चौकट ताईनं विचारलं होतं ना, आईनं हे कुठून शिकलं ते. माझ्या मोठ्या बहिणीले विचारलं. ती म्हणते, आईले तिच्या आत्यानं शिकवलं, अन् गाठ घालताना आत्या दोरा आधी एका बाजूनं अन् मग दुसऱ्या बाजूनं घ्यायची. म्हणजे तुम्ही ते आठवालं सांगून राहिले, तेच असन. अभ्रा घेऊन बघितला मी आज भिंगातून. गाठीच्या डोक्यावर खळी आहे.

पोळ्याच्या आधी एक दिवस घरी ये. अभ्रा तुले हातात घेऊन पाहता येईन. त्या चौकट ताईले पण आण.

---

चौकट (रविवार, सकाळी ९:००)

मावशी, खळी आहे म्हणजे कलोनियलच! मी नक्की येते. भिंग आणि मोजपट्टी घेऊन येते, चालेल ना? घडाचा नमुना ट्रेसिंगवर उतरवून घ्यायचा आहे.

---

महालची_मावशी (रविवार, सकाळी ९:१०)

चालते. गुरुवारी या, दुपारी. पुरणपोळीची तयारी शुक्रवारपासून आहे, मग मले वेळ नाही.